मालवणच्या बंदरावर तीन रात्री



आपण वऱ्हाडातली माणसे. आपल्याला नाला माहीत, नदी माहीत, धरण माहीत. समुद्र पाहिला तो शाळेच्या नकाशात. बंदर हा शब्द आपल्या कानावर आला तो कापसामुळे. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आगगाडी आली आणि अकोला-अमरावतीच्या गाठी मुंबई बंदरात जाऊ लागल्या. आपला कापूस बंदर पाहून आला, पण आपण मात्र घरीच राहिलो.

मीही त्यातलाच. तीस वर्षे कृषी विस्ताराची नोकरी केली, वऱ्हाडातले बांध पायांखाली घातले, पण समुद्र पाहिला नव्हता. सौ.नेही पाहिला नव्हता. तिचे माहेर दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यातले. मुलीचे लग्न पार पडले, घर रिकामे झाले, तेव्हा एके दिवशी ती म्हणाली, "अवो, जलम गेला खाऱ्या पान्यात. आता खरंखुरं खारं पानी तरी दाखवा एकदा!" ती हसत म्हणाली, पण मला ते लागले. का लागले, ते पुढे सांगतो.

तर डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघे मालवणला गेलो. तिथे बंदरावरच्या एका हॉटेलात तीन रात्री राहिलो. गेलो समुद्र पाहायला, पण येताना डोक्यात आपल्याच पूर्णेच्या खोऱ्यातले पाणी घेऊन आलो. ती हकिकत आज सांगायची आहे.

रात्री पाऊस आला?

अकोल्याहून रात्रीची अंबा एक्सप्रेस धरली आणि सकाळी मुंबईत उतरलो. दिवस एका नातलगाकडे काढला आणि रात्री कोकणकन्येत बसलो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, म्हणून हा प्रवास सोपा झाला. सकाळी कुडाळ आले. तिथून एस.टी.ने मालवण तासाभराच्या रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंनी तांबडी माती, काजूची झाडे, आंब्याच्या बागा, उतरती कौलारू घरे. आपल्या काळ्या मातीची सवय झालेल्या डोळ्यांना ती माती भाजलेल्या विटेसारखी दिसते. सौ. खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हे माती हाय का कुंकू?"

हॉटेल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे झगमगाट येईल. तसे काही नव्हते. एका कोळी कुटुंबाने आपल्या जुन्या घरावर मजला चढवून आठ-दहा खोल्या काढल्या होत्या. पुढच्या अंगाला रस्ता, मागच्या अंगाला माडांची रांग, मग वाळू आणि वाळूला लागून समुद्र. खोलीला लहानसा सज्जा होता. सज्जात उभे राहिले की डाव्या हाताला धक्का, धक्क्याला लागलेल्या होड्या आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला. मालक साठीच्या पुढचे. त्यांना सगळे काका म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. स्वयंपाकघर त्यांच्या सूनबाईंच्या हाती होते.

काकांनी पहिल्याच चहाला विचारले, "खयसून इलात?" मी म्हटले, अकोल्याहून. ते म्हणाले, "म्हणजे कापसाच्या मुलकातून!" त्यांना कापूस ठाऊक, मला मासळी ठाऊक नाही. असे आमचे बोलणे सुरू झाले.

पहिल्या रात्रीची गंमत सांगतो. मध्यरात्री सौ.ने मला गदागदा हलवून उठवले. "अवो उठा, पाऊस आला! आंगनात कापूस पसरला हाय!" मीही अर्ध्या झोपेत उठून ताडपत्री शोधू लागलो. मग दोघांच्याही ध्यानात आले की आपण मालवणला आहोत आणि तो आवाज लाटांचा आहे. कापूसवाल्याच्या झोपेत अवकाळी पाऊस असा मुरलेला असतो. नंतर झोप आली नाही. दोघेही सज्जात बसून राहिलो. अंधारात पाणी दिसत नव्हते, फक्त लांबवर होड्यांचे दिवे हलत होते.

बाव आणि मोटार

सकाळी अंघोळीला पाणी काढले आणि जिभेला लागले तर गोड! समुद्र शंभर पावलांवर आणि पाणी गोड कसे? मी काकांना विचारले. ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. माडांच्या मधोमध जांभ्या चिऱ्याने बांधलेली विहीर होती. तिला ते बाव म्हणतात. पाणी दोन पुरुष खोल, तळ दिसावा इतके नितळ. बावीवर लहानशी मोटार होती, ती सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ चालवायची. मी म्हटले, काका, मोठी मोटार का नाही बसवत? गिऱ्हाईक वाढेल.

काका म्हणाले, "बावीकय रातची झोप व्हयी."

मग त्यांनी हकिकत सांगितली. किनाऱ्यावरच एकाने मोठे हॉटेल काढले, बोअर मारले आणि दिवसभर पंप चालवला. दोन उन्हाळ्यांत त्याचे पाणी खारे झाले आणि शेजारच्या दोन बावीही बिघडल्या. आता तिथे टँकरने पाणी येते. काकांचे वाक्य माझ्या कानात अजून आहे. "पाणी काढूचा, पन ओढूचा नाय."

बंधूंनो, यामागचे शास्त्र समजायला अवघड नाही. पावसाचे गोड पाणी जमिनीत मुरते. समुद्राचे पाणी कडेने आत शिरलेले असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते जड. गोड पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगते, जसे दुधावर सायीचे पदर. ठोकताळा असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोड पाणी एक फूट असेल, तर खाली ते सुमारे चाळीस फूट असते. पण याचा उलटा अर्थही ध्यानात घ्या. तुम्ही वरची पातळी एक फूट उतरवलीत, तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू शकते. म्हणून अलगद काढले तर पिढ्यान्‌पिढ्या गोड, ओढून काढले तर दोन वर्षांत खारे.

४८ एकरांचे बेट आणि तीन विहिरी

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून होडीने किल्ल्यावर गेलो. पोचायला फार वेळ लागत नाही, पण होडी डोलू लागली तशी सौ.ने माझा दंड घट्ट धरला. वाटेत नावाडी किनाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, तो मोरयाचा धोंडा. शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या पायाभरणीच्या वेळी तिथे पूजा केली. ती तारीख २५ नोव्हेंबर १६६४. कुरटे नावाच्या बेटावर तीन वर्षांत हा किल्ला उभा राहिला. पायात शिसे ओतले असे सांगतात. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि डच यांच्या जहाजांवर वचक बसवायला समुद्रात पाय रोवून उभे राहणे भाग होते.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तट नागमोडी फिरवून तो लपवला आहे. आत शिरलो. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, उंची तीस फुटांच्या आसपास, रुंदी बारा फूट. म्हणजे तटावरून बैलगाडी जाईल. आतले क्षेत्र ४८ एकर. तुम्हाला-मला हा आकडा लगेच कळतो. गावातल्या एखाद्या मोठ्या वाड्याची जमीन एवढी असे. राजाराम महाराजांच्या काळातले श्रीशिवराजेश्वराचे मंदिर आत आहे, तिथे महाराजांचीच मूर्ती पुजली जाते. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा दाखवतात. काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यातच राहतात. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले होते. पुढे तो कोल्हापूरकरांकडे परत आला आणि १८१२ मध्ये मालवणासह पुन्हा इंग्रजांकडे गेला. इंग्रज गेले, त्यांनी ठेवलेले नावही गेले. आम्ही येऊन गेल्यानंतर, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे.

पण माझे पाय अडले ते विहिरींपाशी. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत तीन गोड विहिरी. नावे कशी, तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ज्यांनी ही नावे दिली त्यांना पाण्याची किंमत कळली होती. बेटावर पडलेला पाऊस मुरतो, खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतो आणि या विहिरींतून मिळतो. काकांच्या बावीचेच शास्त्र. सिंधुदुर्गाच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. ४८ एकरांवर तो किती झाला? मी तिथेच पायरीवर बसून हिशेब केला. सुमारे ५८ कोटी लिटर. बहुतेक पाणी समुद्रात वाहून जाते. थोडे मुरते, आणि त्या थोड्यावर किल्ला जगला.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात गड बांधण्याआधी पाणी पाहावे असे सांगितले आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात, म्हणून टाकी बांधून पाणी राखावे, असेही त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा विस्तार कार्यकर्ताच म्हणायचा!

सौ. साखरबावीच्या काठावर उभी होती. ओंजळीत पाणी घेऊन तिने चव पाहिली आणि बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "समिंदरात गोड पानी लागलं. आमच्या बाबाच्या वावरात लागलं नाई."

आता ते सांगतो, जे मला लागले होते.

१९९८ सालची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो, अंगात उत्साह होता. सासऱ्यांची नऊ एकर जमीन होती, सगळी कोरडवाहू. मी त्यांना सांगितले, बोअर मारा, ओलीत करा, गहू घ्या. सासरे म्हणाले, जावईबापू, आपल्याकडे खालचे पाणी खारे. मी म्हणालो, फार खारे नाही, पिकाला चालेल. मी पाण्याचा नमुना तपासायला पाठवला नाही. जावयाचा शब्द आणि त्यात बी.एस्सी. ॲग्रीकल्चर! त्यांनी कर्ज काढून बोअर मारले. पहिल्या वर्षी गहू बरा आला. दुसऱ्या वर्षी कमी आला. तिसऱ्या वर्षी चार एकर जमीन चोपण झाली. पावसात चिखल, उघडीप पडली की दगड. वखर चालेना, बी उगवेना. सासरे मला एका शब्दाने बोलले नाहीत. सौ.ही बोलली नाही. पंचवीस वर्षांनी साखरबावीवर ती एवढेच बोलली.

महालवण आणि दहीहांडा

त्या संध्याकाळी सज्जात काकांशी गप्पा निघाल्या. मालवण हे नाव कशावरून पडले? काका म्हणाले, इथे मिठागरे होती, महालवण म्हणजे पुष्कळ मीठ, त्यावरून मालवण झाले असे सांगतात. मग मी त्यांना आपल्याकडचे सांगितले, तर त्यांना खरे वाटेना. समुद्रापासून इतक्या लांब, पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींचे पाणी इतके खारे की जुन्या काळी त्यातून मीठ काढीत. गांधीजींनी १९३० मध्ये दांडीला मीठ उचलले, तेव्हा कोकणातल्या लोकांनी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह केला. आपल्या वऱ्हाडातल्या लोकांपुढे प्रश्न होता की समुद्र कुठून आणायचा? त्यांनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचे पाणी काढून मीठ केले. काका हे ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे समुद्र जमिनीखाली आसा!"

खरोखर तसेच आहे. दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि तिकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात पूर्णेच्या गाळाचे शेकडो फूट थर आहेत. माती भारी काळी, उतार कमी, निचरा मंद, ऊन कडक. युगानुयुगे क्षार साठत गेले, ते बाहेर गेलेच नाहीत. नळयोजना येण्याआधी या गावांतल्या बायांनी गोड पाण्यासाठी किती पायपीट केली हे त्यांनाच ठाऊक. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही. मूतखड्याचे आणि मूत्रपिंडाचे दुखणे घरोघरी ऐकू येते.

हे बोलणे चालू असताना आत स्वयंपाकघरात दुसरेच चालले होते. सौ.ने घरून पाच किलो तुरीची डाळ भेट म्हणून नेली होती. सूनबाई म्हणाल्या, वहिनी, आज तुमच्या हातचे वरण होऊ द्या. सौ.ने डाळ बावीच्या पाण्यात टाकली, माहेरच्या सवयीने मोठा जाळ केला आणि बसली वाट बघत. थोड्या वेळाने झाकण काढले तर डाळीचे लोणी झालेले! ती पातेले घेऊन सज्जात आली आणि मला दाखवले. म्हणाली, "माय माही दोन-दोन घंटे चुलीपाशी फुकत बसे. सासू म्हने, हिले सैपाक येत नाई. आन्‌ दोष पान्याचा होता!"

त्या पातेल्यातली वाफ तिच्या चष्म्यावर बसली होती. मी काहीच बोललो नाही.

त्या रात्री सगळ्यांनी पानात वऱ्हाडी वरण घेतले. त्यांनी आम्हाला घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी वाढली. सोलकढीची कृती सौ.ने लिहून घेतली. आमसुले कोमट पाण्यात भिजवून कोळून घ्यायची, त्यात नारळाचे दूध, थोडी हिरवी मिरची, लसूण आणि मीठ. झाली सोलकढी. वऱ्हाडच्या मे महिन्यात हिच्यासारखे पेय नाही. आमसुले आपल्या बाजारात मिळतात, करून पाहा.

रापण आणि खाडीकाठची जमीन

तिसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण पाहिली. लांबलचक जाळे होडीने समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. बाप, मुलगा, शेजारी, सगळे एका दोरीला. मासळी आली की वाटे पडतात. मला आपली सावड आठवली.

मग काकांनी आम्हाला खाडीकाठी नेले. तिथे भरतीचे पाणी ज्या जमिनीत शिरते तिला खार जमीन म्हणतात. तिथे बांध घालून भात काढतात. मी तास-दीड तास त्या बांधावर घालवला. बांधात एक झडप बसवलेली असते, तिला उघाडी म्हणतात. भरती आली की समुद्राच्या दाबाने झडप मिटते, खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाऊस जमिनीतले मीठ धुतो, धुतलेले पाणी उघाडीतून निघून जाते, मग लावणी होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी भाताच्या खास जाती काढल्या आहेत.

त्या झडपेपाशी उभा असताना मला पुस्तकातली जुनी ओळ नव्याने कळली. मीठ धुवायला पाणी लागते आणि धुतलेले पाणी बाहेर काढायला वाट लागते. कोकणाला पाणी देवाने दिले, वाट माणसाने केली. आपण १९९८ मध्ये काय केले? खालचे मीठ पंपाने वर आणले आणि बाहेर जायची वाटच ठेवली नाही.

परत आल्यावर

घरी आल्यावर मी मेहुण्याकडे गेलो. सासरे आता नाहीत. मी म्हटले, चूक माझी होती, आता दुरुस्तीही मलाच सांगू द्या. पण या वेळी माती आणि पाणी आधी तपासू.

हिशेब असा मांडला. आपल्याकडे पाऊस ७५० मिलिमीटर धरला तरी एका एकरावर ३० लाख लिटर गोड पाणी पडते. ते खाली जाऊन खाऱ्यात मिसळण्याआधी वरच धरायचे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे, बाजूंना उतार देऊन, सुमारे २२ लाख लिटर धरते. जमीन जाते नऊ गुंठे. आपल्या चिकण मातीत पाझर कमी, हा इथे गुणच आहे. उन्हाने आणि पाझराने अर्धे गेले असे धरले तरी ११ लाख लिटर उरते. एका एकराला दोन इंचांची एक पाळी द्यायला सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे पाच एकर हरभऱ्याला फुलोऱ्यात एक पाळी तुषार सिंचनाने सहज होते. कोरडवाहू हरभऱ्याला तेवढी एक पाळीही जीवदान देते.

२०२४ च्या उन्हाळ्यात तळे खोदले. खारे पाणी किती खोलीवर आहे ते आधी पाहिले, त्याला लागू दिले नाही. चोपण झालेल्या चार एकरांत अहवालात आले तेवढेच जिप्सम घातले आणि ढैंचा गाडला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उताराच्या बाजूने चर काढून नाल्यापर्यंत पाण्याला वाट दिली. ती आमची उघाडी! जुन्या बोअरचे तोंड बंद केले.

पहिल्या वर्षी चोपण जमिनीत काही खास झाले नाही, हे खरे सांगतो. दुसऱ्या वर्षी चारपैकी दीड एकरात हरभरा ओळीने उगवला. अजून अडीच एकर बाकी आहे. जमीन बिघडायला तीन वर्षे लागली होती, सुधारायला त्याहून जास्त लागतील. पण वखर आता मातीत शिरतो. गेल्या मकरसंक्रांतीला सौ. माहेरी गेली, तळ्याच्या काठावर उभी राहिली आणि ओंजळीत पाणी घेऊन चव पाहिली. तिने तळ्याला नाव दिले साखरबाव. आता गावातली पोरेही तेच म्हणतात.

जाणार असाल तर

बंधूंनो, आयुष्यात एकदा तरी घरच्या बाईला घेऊन समुद्रकाठी दोन-तीन रात्री राहा. दिवसभर पाहून परत फिरण्यात ती मजा नाही, समुद्र रात्री आणि पहाटे कळतो. कापसाची पहिली वेचणी झाल्यावर, नाहीतर उन्हाळवाहीची कामे लागण्याआधी जाता येईल. पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा समुद्र खवळतो, किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. मोठे हॉटेल पाहिजेच असे नाही. घरगुती निवास पुष्कळ मिळतात, भाडे आणि जेवणाचे दर आधी ठरवून घ्या. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आनंदाने करून देतात.

पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटी विचारा, ओहोटीला खोल जाऊ नका. कोळी लोकांचा ठोकळ हिशेब तिथीवर आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचांग आपल्या घरी असतेच.

आणि जाल तिथे पाणी कुठून येते ते विचारा. मला वाटते, कुठल्याही गावात विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच. निघताना काकांनी आम्हाला बावीच्या पाण्याची बाटली भरून दिली. गाडीत सौ.ने ती उशाशी ठेवली. मी म्हटले, अग, पाणीच तर आहे. ती म्हणाली, "तुमाले नाई समजनार. खाऱ्या पान्यात तुमचा जलम कुठं गेला?"

ती बाटली अजून आमच्या देवघराजवळ आहे. खारपाणपट्ट्यातला कुणी शेतकरी माझ्याकडे बोअरबद्दल विचारायला आला, की मी आधी पाण्याचा नमुना मागतो आणि मग त्याला काकांचे वाक्य सांगतो. पाणी काढावे, ओढू नये. आणि आभाळातले पाणी आपल्या बांधावर आले, तर त्याला खाऱ्यात जाऊ देऊ नये.

राम राम.